पोट कापायचं की वाट वळवायची?

फिनलंडमधल्या तीन रुग्णालयांनी २००८ ते २०१० या काळात २४० जणांना एक विचित्र वाटेल अशी विनंती केली. वजन कमी करायचं ऑपरेशन तुम्ही करून घेणारच आहात, तर दोनपैकी कोणतं करायचं हे आम्हाला चिठ्ठी टाकून ठरवू द्या. माणसं तयार झाली. साधारण निम्म्यांची ‘स्लीव्ह’ झाली, निम्म्यांची ‘बायपास’. पुढची दहा वर्षं डॉक्टर त्यांना बोलावत राहिले, वजनकाट्यावर उभं करत राहिले आणि शेवटी दुर्बीण घालून अन्ननलिकाही बघितली.

दहा वर्षांनंतरचा हिशेब असा निघाला: जादा वजनापैकी स्लीव्हवाल्यांचं ४३.५ टक्के उतरलेलं होतं, बायपासवाल्यांचं ५०.७ टक्के. टक्क्यांत बरंच अंतर वाटतं, म्हणून किलोत मांडू. उंची १६५ सेंटीमीटर आणि वजन ११८ किलो असलेल्या बाईचं ‘जादा’ वजन या हिशेबात ५० किलो धरतात. त्यातले स्लीव्हनं सुमारे २२ किलो गेले, बायपासनं २५. फरक साडेतीन किलोंच्या आसपास. मला मात्र त्या अभ्यासातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. दोन्ही गटांत कुणाचं जादा वजन जेमतेम दोन टक्के उतरलेलं होतं, तर कुणाचं शंभर टक्क्यांच्याही पुढे. म्हणजे दोन ऑपरेशनांमधला फरक लहान, आणि एकच ऑपरेशन झालेल्या दोन माणसांमधला फरक प्रचंड.

त्यामुळे ओपीडीत सगळ्यात आधी विचारला जाणारा ‘कशानं जास्त उतरतं?’ हा प्रश्न फारसा कामाचा राहत नाही. कोणत्या ऑपरेशनानंतर कोणता त्रास मागे राहतो आणि त्यातला कोणता आपल्याला झेपेल, हे विचारलेलं बरं.

आधी एक खुलासा. बायपास म्हटलं की आपल्याकडे हात छातीकडे जातो. ही ती बायपास नाही, हिचा हृदयाशी संबंध नाही. आणि पोटावरची चरबी ओढून काढतात तो प्रकारही हा नव्हे. यात चरबीला कुणी हात लावत नाही. जे करायचं ते जठराला आणि आतड्याला, तेही दुर्बिणीतून, चार-पाच छोट्या छिद्रांमधून.

स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून कायमचा बाहेर काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. पुढे आतडं जसंच्या तसं. पोटात जागा कमी म्हणून माणूस कमी खातो, हे खरं असलं तरी अर्धंच खरं आहे. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधलं. हे रक्तात वाढलं की भूक लागते. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. ‘जेवायची आठवणच होत नाही’ असं पहिल्या वर्षी लोक सांगतात, ते यामुळे.

गंमत म्हणजे स्लीव्ह हे स्वतंत्र ऑपरेशन म्हणून जन्मालाच आलं नव्हतं. ते एका मोठ्या ऑपरेशनाचा पहिला टप्पा होतं. अतिशय वजनदार रुग्णाला लांबलचक भूल झेपत नाही, म्हणून २००० सालच्या सुमारास सर्जन आधी फक्त जठर अरुंद करून घरी पाठवू लागले. वजन थोडं उतरलं की आतड्याचं काम करू, असा बेत. पण पहिल्या टप्प्यातच बऱ्याच जणांचं वजन इतकं उतरलं की दुसऱ्याची गरज उरली नाही. २०१७ साली इजिप्तहून मालवाहू विमानानं मुंबईत आणलेल्या महिलेची बातमी अनेकांना आठवत असेल. तिचीही आधी स्लीव्हच केली गेली.

बायपासची कथा जुनी. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातले सर्जन एडवर्ड मेसन यांनी पाहिलं, की अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या बायकांचं वजन नंतर काही केल्या वाढत नाही. इतरांच्या दृष्टीनं तो दुष्परिणाम होता, मेसनना त्यात उपाय दिसला. १९६६ साली त्यांनी पहिली जठराची बायपास केली. आजच्या पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं वर आणून थेट तिला जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, पण त्यात अन्न जात नाही. पुण्याच्या मधून न जाता कात्रज-देहूरोड बायपासनं निघून जावं, तसं अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा पहिला तुकडा टाळून पुढे जातं. पित्त आणि पाचकरस जुन्या रस्त्यानं येतात आणि मीटर-दीड मीटर पुढे अन्नाला भेटतात. अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचल्यानं भूक कमी करणारी आणि इन्सुलिन वाढवणारी जीएलपी-१ सारखी संप्रेरकं जोरात सुटतात. म्हणून अनेक मधुमेहींची साखर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत खाली येते.

आता त्रासांकडे. स्लीव्हचा मोठा त्रास म्हणजे छातीत जळजळ, आपल्या भाषेत ‘पित्त’ किंवा ‘ॲसिडिटी’. कारण सरळ आहे. फुगणारी पिशवी जाऊन ताठ नळी उरली, तिच्या खालच्या तोंडाला झडप तशीच आहे, आत दाब वाढतो आणि आम्ल वर चढतं. फिनलंडच्या अभ्यासात दहा वर्षांनी स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला सूज होती, बायपासवाल्यांपैकी ७ टक्के. स्वित्झर्लंडमधल्या अशाच अभ्यासात आधीपासून जळजळ असलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांची ती स्लीव्हनंतर पाच वर्षांत वाढली, उलट बायपासनं बहुतेकांना आराम पडला. तेव्हा ज्याच्या उशाखाली कायम ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी असते त्यानं स्लीव्हचा हट्ट धरू नये, आणि ऑपरेशनाआधी जठराची दुर्बीण करून घेण्याचा कंटाळा तर कुणीच करू नये. स्लीव्ह परत उलटवता येत नाही, कापलेलं जठर गेलं ते गेलंच. जळजळ असह्य झाली तर तिची बायपास करता येते, पण ते दुसरं ऑपरेशन असतं.

बायपासचे त्रास वेगळ्या जातीचे. वगळलेला आतड्याचा तुकडा म्हणजे लोह आणि कॅल्शियम शोषून घेणारा मुख्य भाग. बी-१२ शोषलं जायला जठरातला एक घटक लागतो, त्याचीही गाठ आता नीट पडत नाही. त्यामुळे लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२ जन्मभर घ्यावं लागतं. गोळ्या स्लीव्हनंतरही लागतात, पण बायपासनंतर चुकवल्या तर किंमत जास्त मोजावी लागते. नव्या जोडावर अल्सर होऊ शकतो. धूम्रपान आणि वेदनाशामक गोळ्या ही त्याची दोन ठळक कारणं. गुडघे दुखतात म्हणून चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून गोळ्या आणणारी व्यक्ती घरोघरी असते, आणि वजनदार माणसाचे गुडघे दुखतातच. ही सवय सुटणार नसेल तर सर्जनला आधी सांगायला हवं. मिश्री लावत असाल तर तेही लाजू नका, सांगा. शिवाय आतडं वर आणताना आत मोकळ्या जागा तयार होतात. वजन उतरल्यावर त्या रुंदावतात आणि कित्येक वर्षांनी त्यात आतड्याचा वेटोळा अडकू शकतो. गोड जास्त खाल्लं की घाम, धडधड, चक्कर येणं हे आणखी एक. त्यामुळे काहींची गोडाची सवय सुटते, काही जण मात्र जिलेबी न सोडता चक्कर सोसतात.

मधुमेहासाठी कोणतं चांगलं? अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकनं १५० मधुमेहींवर केलेल्या अभ्यासात पाच वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६ किंवा त्याखाली असणाऱ्यांचं प्रमाण फक्त औषधांवर ५ टक्के, स्लीव्हनंतर २३ आणि बायपासनंतर २९ टक्के होतं. पण तिथल्याच डॉक्टरांनी २०१७ साली मांडलेला हिशेब मला जास्त उपयोगाचा वाटतो. मधुमेह किती वर्षांचा, गोळ्या किती, इन्सुलिन चालू आहे का, साखर आटोक्यात आहे का, या चार गोष्टींवरून ते रुग्णांचे तीन गट करतात. मधल्या गटात बायपास सरस ठरते. मधुमेह फार जुना असेल तर मात्र दोन्ही ऑपरेशनं सारखीच तोकडी पडतात, कारण स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच थोड्या उरलेल्या असतात. मग कमी जोखमीची स्लीव्ह बरी. ‘आजार मोठा तर ऑपरेशन मोठं’ हा आपला सहजतर्क इथे उलटा पडतो.

भारतात तिसरा पर्यायही बराच चालतो, मिनी बायपास. १९९७ साली अमेरिकी सर्जन रॉबर्ट रटलेज यांनी ती सुरू केली. जठराची लांब नळी करायची आणि खालचं आतडं एकाच ठिकाणी जोडायचं. नेहमीच्या बायपासमध्ये जोड दोन, इथे एक, म्हणून वेळ कमी लागतो. ‘मिनी’ हे नाव मात्र फसवं आहे, कारण बऱ्याचदा नेहमीच्या बायपासपेक्षा जास्त आतडं वगळलं जातं. फ्रान्समध्ये २५३ जणांवर दोन्हींची तुलना झाली आणि निष्कर्ष २०१९ साली आले. वजन सारखंच उतरलं. पण गंभीर त्रासाचे प्रसंग नेहमीच्या बायपासच्या गटात २४ होते आणि मिनीच्या गटात ४२, त्यातले ९ कुपोषणाचे. त्या अभ्यासात मिनीसाठी दोन मीटर आतडं वगळलं होतं. आता अनेक सर्जन दीड मीटरवर थांबतात.

हे आकडे वाचताना आपलं ताट डोळ्यांपुढे ठेवायला हवं. ऑपरेशनानंतर रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यात सहा. अंडंही न चालणाऱ्या घरात, एका वेळी अर्धी वाटी मावणाऱ्या पोटात साठाचा आकडा गाठणं म्हणजे दिवसभराची नोकरी आहे. बी-१२ चं तर विचारूच नका. पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ पुरुषांच्या तपासणीत दोन तृतीयांश जणांमध्ये ते ऑपरेशनाशिवायच कमी होतं, आणि शाकाहाऱ्यांना धोका जास्त होता. पक्क्या शाकाहारी माणसाला जास्त आतडं वगळणारं ऑपरेशन सुचवलं जात असेल, तर ‘किती सेंटीमीटर?’ हा प्रश्न त्यानं दोनदा विचारावा असं माझं मत आहे.

जठराभोवती फुगवता येणारा पट्टा बसवायचा प्रकार एकेकाळी जोरात होता. पट्टे सरकू लागले, आत रुतू लागले, काढायची ऑपरेशनं वाढली. आता तो फारसा कुणी सुचवत नाही. तोंडावाटे सोडायचा फुगा हे ऑपरेशनच नव्हे. तो काही महिन्यांनी काढावा लागतो, आणि वजन बहुधा त्याच्या मागोमाग परत येतं.

पण हे सगळं कुणासाठी? इथे पुण्याचा आणखी एक धागा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर सडपातळ दिसणारा भारतीय आतून तसा नसतो, हे एका फोटोत कळलं. म्हणूनच पाश्चात्त्यांसाठी ४०, किंवा सोबत आजार असतील तर ३५, अशी जी ऑपरेशनासाठीची जुनी बीएमआयची रेषा होती, ती भारतीयांसाठी अडीच अंकांनी खाली, ३७.५ आणि ३२.५ अशी आणली गेली. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती आणखी उतरवली. विमा कंपन्या मात्र जुन्याच रेषेवर बसल्या आहेत. विमा नियामकाच्या नियमात आजही ४०, किंवा ठरावीक गंभीर आजारांसह ३५. त्यामुळे बीएमआय ३३ आणि बेलगाम मधुमेह असलेल्याला सर्जन ‘करा’ म्हणतो आणि पॉलिसी ‘नाही’ म्हणते.

२०२५ पासून आपल्याकडे वजनाची इंजेक्शनंही मिळू लागली. त्यातली बरीचशी त्याच जीएलपी-१ ची नक्कल करतात, जे बायपासनंतर शरीर स्वतः सोडतं. वजन भरपूर उतरतं, आणि इंजेक्शन थांबवलं की बरंचसं परत चढतं. काही वर्षं ती घेऊन बघायची तयारी आणि खिसा असेल तर ऑपरेशनाआधी हा विचार जरूर करावा. ऑपरेशन झाल्यावर वजन पुन्हा वाढू लागलं तर हीच इंजेक्शनं देतात, म्हणजे दोन्ही वाटा एकमेकींना काटत नाहीत.

मूल हवं असलेल्या बाईनं कोणत्याही ऑपरेशनानंतर वर्ष-दीड वर्ष थांबायचं असतं. आणि आधी बायपास झालेल्या गरोदर बाईच्या पोटात अचानक जोरात दुखू लागलं, तर ती कळ गॅसची समजून घरी ओवा देत बसायचं नाही. आत आतडं अडकलेलं असू शकतं.

शेवटी एका कागदाबद्दल. डिस्चार्ज कार्डावर पुष्कळदा ‘बॅरिएट्रिक सर्जरी’ एवढंच लिहिलेलं असतं. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात, रात्री दोन वाजता, तुमचं पोट तपासणाऱ्या डॉक्टरला तेवढ्यावरून काहीच कळत नाही. ऑपरेशन कोणतं, जोड किती, कोणत्या भागाची लांबी किती सेंटीमीटर ठेवली, जठराचा कोणता भाग आत आहे, हे सर्जनकडून लिहून घ्या, त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि एक प्रत घरातल्या अशा माणसाकडे द्या ज्याला ती रात्री दोन वाजता सापडेल.