बीएलडीसी की पीएमएसएम? दोघींमधला फरक नेमका कुठे आहे

बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटर) आणि पीएमएसएम (परमनंट मॅग्नेट सिंक्रोनस मोटर) या स्कूटर-पंख्यांत दिसणाऱ्या मोटरी. पहिलीच्या नावातल्या ‘डीसी’ने, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेने, भल्याभल्यांना चकवलंय. या मोटरच्या तीन जाड वायरींपैकी दोन थेट बॅटरीला जोडल्या तर रोटर (फिरणारा भाग) एक झटका देतो आणि तिथेच रुतून बसतो. (करून बघू नका, वाइंडिंग जळेल.) डीसी येतो तो फक्त कंट्रोलरपर्यंत, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटपर्यंत. पुढे मोटरला मिळतो तो दिशा बदलत राहणारा प्रवाह. स्टेटरवर (स्थिर भागावर) तीन फेजची, म्हणजे तीन गटांतली वाइंडिंग, रोटरवर चुंबकं. पीएमएसएमही उघडली की हेच दिसतं.

फरक बघायचा तर व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो. मोटर कशालाही न जोडता तिचा शाफ्ट ड्रिलने फिरवायचा आणि दोन वायरींमध्ये तयार होणारा व्होल्टेज बघायचा. लाटेचा माथा सपाट असेल तर बीएलडीसी, गोलसर साइन असेल तर पीएमएसएम. पुस्तकात एवढं सोपं असतं. बाजारातल्या बऱ्याच मोटरींची लाट या दोन्हींच्या अधलीमधली निघते आणि लेबल मात्र विकणाऱ्याच्या मर्जीने लागतं.

माझ्या मते खरी वेगळी आहे ती चालवण्याची रीत. बीएलडीसीची रूढ रीत सहा पायऱ्यांची. एका वेळी दोनच फेजमधून प्रवाह जातो, तिसरी मोकळी असते. तीन हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारे) रोटर कुठे आहे ते सांगतात आणि दर ६० विद्युत अंशांनी फेजची जोडी बदलते. चुंबकांची एक जोडी पुढे सरकली की ३६० विद्युत अंशांची एक विद्युत फेरी होते, म्हणजे जोडीमागे सहा बदल. इलेक्ट्रिक सायकलच्या चाकात बसवलेल्या, गिअर नसलेल्या हब मोटरमध्ये ४६ चुंबकं असतील तर त्या २३ जोड्या, म्हणजे चाकाच्या एका फेरीत १३८ वेळा ही अदलाबदल. प्रत्येक बदलाला टॉर्क (फिरवणारा जोर) किंचित डगमगतो. सावकाश चढ चढताना ऐकू येणारी घरघर बरेचदा हीच.

पीएमएसएमला बहुधा एफओसी (फील्ड ओरिएंटेड कंट्रोल) ही रीत लावतात. तिन्ही फेजमधून सतत प्रवाह वाहतो आणि प्रोसेसर तो सेकंदाला हजारो वेळा मोजून सुधारतो. यामागचं गणित जुनं आहे. अमेरिकेतल्या रॉबर्ट पार्कने १९२९ साली सिंक्रोनस मशिनसाठी ते मांडलं. जत्रेतल्या मेरी-गो-राउंडवर बसल्यावर पुढचा घोडा आपल्यापासून हलत नाही, तसंच रोटरवर बसून पाहिलं की फिरणारे प्रवाह स्थिर दिसतात. मग त्यांचे दोन भाग पाडता येतात: एक टॉर्क देणारा, दुसरा चुंबकाच्या दिशेतला. दुसरा चुंबकाच्या उलट दिशेने दिला की चुंबकाचा जोर कमी भासतो आणि मोटर तिच्या मूळ मर्यादेपलीकडे पळते. हे सगळं जमायचं तर रोटरची जागा बारकाईने कळावी लागते, म्हणून चांगला एन्कोडर किंवा रिझॉल्व्हर (रोटरचा कोन मोजणारे सेन्सर) हवा, नाहीतर अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर.

मोटर आणि कंट्रोलरच्या जोड्या उलटसुलट लावल्या तरी काम अडत नाही. साइन लाटेची मोटर सहा पायऱ्यांच्या कंट्रोलरवर चालते, फक्त टॉर्क डगमगतो. सपाट माथ्याच्या मोटरला शुद्ध साइन प्रवाह दिला तरी एका विद्युत फेरीत सहा वेळा तोच डगमगाट. त्यामुळे स्कूटर घेताना मोटरचं नाव विचारून फारसं कळत नाही, कंट्रोलर कसला आहे ते विचारा.

आणि बीएलडीसी पंख्याचं म्हणाल तर ७५ वॅटचा पंखा ३० वॅटच्या आसपास आला तो ‘डीसी’मुळे नाही. जुन्या कपॅसिटरवाल्या इंडक्शन मोटरमध्ये रोटरच्या सळयांत आणि वाइंडिंगमध्ये जी वीज तापण्यात जायची, ती चुंबक बसवल्यावर बरीचशी वाचली. खोक्यावर पीएमएसएम छापलं असतं तरी बिल तेवढंच आलं असतं.