मंगळावर चाक फिरते, गाडी हलत नाही

मोरजी-मांद्रेच्या किनाऱ्यावर पर्यटकांनी भाड्याची गाडी थेट वाळूत घातली आणि ती रुतून बसली, ही बातमी गोव्यात आता नवी राहिलेली नाही. ॲक्सिलरेटर दाबावा तशी चाके गरागरा फिरतात, वाळू मागे उडते आणि गाडी आणखी खाली बसते. मंगळावर हेच घडते तेव्हा ओढून काढायला कोणी नसते. शिवाय आपण रुतलो आहोत, हे तिथे फिरणाऱ्या रोव्हरला, म्हणजे चाकांच्या यंत्रमानवी गाडीला, आपसूक कळतही नाही.

रोव्हर पृथ्वीवरून जॉयस्टिकने चालवतात, हा समज चांगल्या शिकल्यासवरलेल्यांतही आढळतो. रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगाने गेला, तरी मंगळापर्यंत पोहोचायला त्याला ३ ते २२ मिनिटे लागतात. खड्डा बघून ब्रेक दाबायची सोयच नाही. म्हणून दिवसभराच्या आज्ञा एकदम पाठवतात, पुढचे रोव्हरने स्वतः निभवायचे.

२६ एप्रिल २००५ रोजी नासाचा ‘ऑपॉर्च्युनिटी’ रोव्हर वाऱ्याने साचलेल्या बारीक वाळूच्या उंचवट्यात शिरला. चाके आज्ञेबरहुकूम फिरत राहिली. तो सुटला जूनमध्ये. त्या आठवड्यांत चाके १९२ मीटर अंतर कापण्याइतकी फिरली, तेव्हा कुठे रोव्हर एक मीटर सरकला!

चाकाचे फेरे मोजून अंतर कळत नाही, मग कशाने कळते? मला सर्वांत मोह पडतो तो याच उत्तराचा. रोव्हर दोन कॅमेऱ्यांनी समोरच्या जमिनीची जोडचित्रे घेतो. दगडांचे कोपरे, सावल्यांच्या कडा असे ठळक बिंदू निवडतो आणि प्रत्येक बिंदू किती लांब आहे ते काढतो. थोडे पुढे जाऊन पुन्हा चित्रे घेतो आणि तेच बिंदू शोधतो. बिंदू जागचे हललेले नाहीत, म्हणजे हललो ते आपण. त्यावरून तीन दिशांतले सरकणे आणि तीन अक्षांभोवतीचे वळणे, अशा सहा राशी निघतात. चाकांच्या हिशेबापेक्षा हे सरकणे फारच कमी भरले, तर तो जागीच थांबतो.

पण सपाट वाळूत ठळक बिंदू आणायचे कुठून? ‘क्युरिऑसिटी’ या नंतरच्या रोव्हरच्या अर्धा मीटर व्यासाच्या चाकांवर त्यासाठी मुद्दाम भोके पाडलेली आहेत. मोर्स लिपीत ती जेपीएल (रोव्हर बनवणारी नासाची प्रयोगशाळा) ही अक्षरे लिहितात: टिंब-रेघ-रेघ-रेघ, टिंब-रेघ-रेघ-टिंब, टिंब-रेघ-टिंब-टिंब. हा ठसा दर फेऱ्याला वाळूत उमटतो. व्यास गुणिले पाय (π), म्हणजे दोन ठशांत सुमारे १५७ सेंटीमीटर अंतर हवे. ते कमी दिसले की चाक घसरले.

 

‘ऑपॉर्च्युनिटी’च्या पिढीतल्या जुन्या रोव्हरांचा प्रोसेसर अवघा २० मेगाहर्ट्‌झचा होता. एकेका पावलाच्या हिशेबात मिनिटे जायची, म्हणून ही तपासणी ते निवडक ठिकाणीच करत. २०२१ साली उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’मध्ये चित्रांच्या हिशेबाला वेगळा संगणक आहे, त्यामुळे तो चालता चालता विचार करतो.

तरीही कॅमेऱ्याला दिसतो तो जमिनीचा वरचाच थर. ‘ऑपॉर्च्युनिटी’चा जुळा रोव्हर ‘स्पिरिट’ याचे पुढचे उजवे चाक २००६ मध्येच बंद पडले होते. २००९ मध्ये वरून घट्ट दिसणाऱ्या पापुद्र्याखालच्या भुसभुशीत सल्फेटयुक्त मातीत तो रुतला आणि महिनोन्‌महिने खटपट करूनही निघाला नाही. हिवाळ्यात सौर पट्ट्या सूर्याकडे कलतील असे उभे राहणे त्याला जमले नाही, वीज कमी पडली आणि मार्च २०१० नंतर त्याचा संदेश आला नाही. घसरण मोजता येते ती चाक घसरू लागल्यावर. पापुद्रा भार पेलेल का, हे त्यावर चाक घालण्याआधी ओळखणे अजून अवघडच आहे.