खोकल्याचा जोर: मज्जारज्जूच्या इजेनंतर श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम कसा आला

मानेत मज्जारज्जूला इजा झालेला माणूस श्वास घेतो तेव्हा त्याच्याकडे नीट पाहा. पोट वर येतं आणि त्याच वेळी छातीचा वरचा भाग आत ओढला जातो. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू, चालू असतो, पण बरगड्यांमधल्या स्नायूंना मेंदूकडून निरोप पोचत नसतो, म्हणून छातीचा पिंजरा टेकू हरवल्यासारखा खचतो. मग तो खोकायला जातो. घशातून नुसती फुस्स हवा येते आणि कफ जागचा हलत नाही.

या विषयाचा सगळा इतिहास मला त्या फसलेल्या खोकल्याभोवती फिरताना दिसतो. छातीत हवा आत कशी जाईल, याचा विचार लवकर सुरू झाला. ती जोरानं बाहेर कशी येईल, याकडे मात्र फार उशिरा लक्ष गेलं.

मुळात शरीराची वाटणीच अशी आहे. श्वासपटलाची नस मज्जारज्जूच्या मानेतल्या भागातून, तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघते. त्याच्या खाली इजा झाली तर आत श्वास घेण्याचं मुख्य यंत्र वाचतं. बरगड्यांमधल्या आणि पोटाच्या स्नायूंच्या नसा मात्र पाठीच्या भागातून, त्याहून बऱ्याच खालून निघतात. म्हणजे मानेच्या इजेत श्वास कसाबसा टिकतो आणि खोकला जवळजवळ पूर्ण जातो. आणखी एक गंमत अशी, की या माणसांना बसण्यापेक्षा आडवं पडल्यावर श्वास मोठा घेता येतो. बसलं की सैल पोट पुढं लोंबतं, श्वासपटल खाली उतरून सपाट होतं आणि त्याला ओढायला वाव उरत नाही. बसताना पोटाला पट्टा बांधतात तो याचसाठी.

इ.स.पू. 1600 च्या सुमाराच्या एका इजिप्शियन वैद्यकीय पपायरसात मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या माणसाचं वर्णन आहे. त्यापुढचा शेरा आहे, या दुखण्यावर उपचार करायचे नाहीत. पहिल्या महायुद्धापर्यंत त्यात फारसा फरक पडला नव्हता. मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांतच जात. 1944 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथं डॉक्टर लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांसाठी विशेष विभाग सुरू केला आणि चित्र पालटलं. रुग्णाला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कुशीवर वळवायचं, मूत्राशयाची काटेकोर निगा राखायची, आणि माणसाला पुन्हा कामाला लावायचं. शय्याव्रण (पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा) आणि मूत्रपिंडाचे आजार आटोक्यात येत गेले, तशी माणसं वर्षानुवर्षं जगू लागली. मग मृत्यूच्या कारणांत न्यूमोनिया आणि श्वसनाचे इतर आजार वर आले.

श्वासाबद्दलचं ज्ञान मात्र दुसऱ्याच वाटेनं आलं, पोलिओच्या साथींतून. 1928 मध्ये फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांचं ‘आयर्न लंग’ हे, लुळ्या पडलेल्या रुग्णाला आत ठेवून श्वास देणारं लोखंडी पिंप बोस्टनमध्ये पहिल्यांदा वापरलं गेलं. 1952 मध्ये कोपनहेगनमध्ये पिंपं अपुरी पडली, तेव्हा ब्योर्न इब्सेन यांनी घशाला छिद्र पाडून पिशवीनं हवा द्यायचा मार्ग दाखवला. सुमारे 1500 वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून तास न् तास हातानं पिशव्या दाबत बसले. अतिदक्षता विभागांची सुरुवात तिथून मानली जाते. हे सगळं यंत्रानं किंवा दुसऱ्याच्या हातानं स्नायूचं काम करण्याबद्दल होतं.

त्याच काळात घडलेली एक छोटी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. काही पोलिओ रुग्ण जीभ आणि घसा वापरून हवेचे घोट छातीत ढकलत, बेडूक ढकलतो तसे. क्लॅरेन्स डेल यांनी 1951 मध्ये या ‘बेडूक श्वासा’चं वर्णन छापलं. मग तो शिकवला जाऊ लागला आणि मानेची इजा झालेल्यांपर्यंतही पोचला. एकेका घोटात हवा थोडीशीच जाते, पण दहाबारा घोट साठवले की मोठा श्वास होतो, मोठ्यानं हाक मारता येते आणि खोकलाही बरा येतो. श्वास शिकता येतो, हे रुग्णांनीच दाखवून दिलं होतं.

व्यायामशास्त्राची जोड त्याला 1976 मध्ये मिळाली. डेव्हिड लीथ आणि मार्क ब्रॅडली यांनी निरोगी माणसांना 5 आठवडे श्वासाचा व्यायाम दिला. जोर लावण्याचा सराव करणाऱ्यांची ताकद सुमारे 55 टक्क्यांनी वाढली, तर दीर्घकाळ वेगानं श्वास घेणाऱ्यांचा दम वाढला. दंडाच्या स्नायूला लागू असलेला नियम श्वासपटलालाही लागू होता. चारच वर्षांनी, 1980 मध्ये, माँट्रियलमधल्या गटानं चारही हातपायांना लकवा असलेल्या रुग्णांकडून अरुंद नळीतून श्वास ओढून घेतला आणि त्यांच्याही श्वासपटलाची ताकद आणि दम वाढल्याचं दाखवलं.

पण हा सगळा आत घेण्याच्या श्वासाचा व्यायाम. बाहेर सोडण्याचं काय? पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं असे, की या रुग्णांचा उच्छ्वास आपोआप होतो, त्यात स्नायूंचा वाटा नाही. ब्रसेल्समधल्या आंद्रे द त्रोयर आणि मार्क एस्तेन यांनी 1986 मध्ये ते खोडून काढलं. रुग्ण खोकताना गळ्याच्या हाडाखाली बोटं ठेवली, की छातीच्या मोठ्या स्नायूचा वरचा पट्टा घट्ट होताना लागतो. त्याची नस मानेतूनच येते, म्हणून तो अनेकांत वाचलेला असतो. हात हलवण्यासाठीचा हा स्नायू इथं वरच्या बरगड्या खाली ओढून हवा बाहेर काढत होता. पुढं त्यांनी याच स्नायूला व्यायाम देऊन पाहिला आणि उच्छ्वास सुधारला. मला हा शोध फार सुंदर वाटतो, कारण त्यासाठी आधी रुग्णाच्या छातीवर हात ठेवावा लागला.

नंतर स्प्रिंगची झडप असलेली छोटी उपकरणं आली. नाकाला चिमटा लावायचा, नळी ओठांत धरायची आणि श्वास ओढायचा; ठरावीक जोर लागेपर्यंत झडप उघडतच नाही. स्प्रिंग आवळली की भार वाढतो. चेंडू वर उचलायचं रंगीत खेळणं म्हणजे हे नव्हे. त्यात मोठा श्वास घ्यायचा असतो, स्नायूवर भार फारसा येत नाही. दोन्हींची सर्रास गल्लत होते आणि रुग्ण महिनोन् महिने चुकीचा व्यायाम करत राहतो, याचं मला वाईट वाटतं.

2013 च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे आधीचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, अशा व्यायामाचे 11 अभ्यास आणि मिळून 212 रुग्ण होते. ताकद आणि फुप्फुसाची क्षमता थोडी वाढते, एवढं त्यातून निघालं. याला छोटा निकाल म्हणून बाजूला सारू नये. मुळात तुटपुंज्या श्वासात थोडी भरही मोठी असते. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत 62 जण होते, निम्म्यांच्या हाती दिसायला तसंच पण जोर न लागणारं उपकरण. 6 आठवड्यांत खऱ्या व्यायामाच्या गटाची श्वास ओढण्याची ताकद दुसऱ्या गटापेक्षा सरासरी 11.5 सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतकी (श्वासाचा जोर मोजायचं हे एकक) जास्त वाढली. श्वास खोल गेला की खोकल्यालाही हवा जास्त मिळते, म्हणून आत घेण्याचा व्यायाम उच्छ्वासाच्याही उपयोगी पडतो.

मात्र पोटाचे लुळे स्नायू त्यानं परत येत नाहीत. म्हणून व्यायाम चालू असतानाही खोकल्याला हाताचा आधार द्यावाच लागतो. सोबतचा माणूस बरगड्यांच्या खाली पोटावर तळवे ठेवतो, रुग्ण जमेल तेवढा श्वास भरून घेतो, आणि रुग्ण खोकला काढायला लागला की त्याच क्षणी सोबतचा माणूस तळवे आत-वर दाबतो. झडपेच्या सरावानं रुग्णानं भरलेला श्वास आधीपेक्षा मोठा झालेला असतो, म्हणून तळव्यांना आता ढकलायला काहीतरी असतं.