बँडसॉच्या पात्याची टकटक: सांधा की तडा?

बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवरून पट्ट्यासारखं पातं फिरवणारी करवत, चालू केल्यावर एका लयीत टकटक येऊ लागली की पहिला संशय पात्याची दोन टोकं वेल्डने जोडलेल्या सांध्यावर जातो, आणि तो पुष्कळदा खराही ठरतो. पण तडा गेलेलं पातंही अगदी तसंच वाजतं. यातला कुठलाही दोष पात्यावर एखाद्याच जागी असतो आणि दर फेरीला गाइडसमोर (पात्याला सरळ रेषेत ठेवणाऱ्या आधारांसमोर) एकदाच येतो. 14 इंची चाकांच्या यंत्रावर पातं सेकंदाला साधारण 15 मीटर धावतं, म्हणजे ती जागा सेकंदाला सहाएक वेळा येऊन जाते. नुसत्या कानावर विसंबू नका.

आवाज कधी सुरू झाला हे मात्र आठवून बघा. सांधा नीट जुळलेला नसेल तर टकटक पातं चढवल्या दिवसापासून असते आणि तेवढीच राहते. आधी मुकाट चालणारं पातं मध्येच वाजायला लागलं, आवाज वाढतही गेला, तर तडा समजूनच यंत्र बंद करा.

मग प्लग काढा, पात्याचा ताण तसाच ठेवा आणि हातमोजे घालून वरचं चाक हळूहळू फिरवा. पात्याच्या पाठीला, म्हणजे दात नसलेल्या कडेला, लाकडाचा तुकडा टेकवला तर सांध्याची पायरी (टोकं नीट न जुळल्याने राहिलेला उंचवटा) त्याला ठेच देते. तडा असा सापडत नाही. तो बहुधा दोन दातांमधल्या खाचेच्या तळाशी, केसासारख्या रेघेत असतो. भिंग आणि तिरपा उजेड हवाच. ताण काढला की रेघ मिटते, म्हणून ही तपासणी ताणातच करायची.

तड्याचं मूळ बहुतेक वेळा वाकण्यात असतं. पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी असावी, असा जुना ठोकताळा आहे. 14 इंची चाकाला तो 0.36 मिलिमीटर सांगतो, आपण मात्र सर्रास 0.6 मिलिमीटरचं पातं चढवतो. दर फेरीत ते दोनदा वाकून सरळ होतं आणि पोलाद थकत जातं. त्यात बोथट दातांनी लाकूड रेटलं की खाचेवरचा भार आणखी वाढतो. तडा पाठीकडून सुरू झालेला दिसला, तर पात्याच्या पाठीला मागून आधार देणारं थ्रस्ट बेअरिंग झिजलंय का ते बघा.

पायरी असेल तर पातं उतरवून बारीक कानशीने घासा, काम भागतं. तडा असेल तर पातं टाकूनच द्या. तेवढा भाग कापून पुन्हा जोडता येतो, पण थकलेल्या पात्यात पुढचा तडा शेजारीच निघतो, म्हणून मी ते करायला सांगणार नाही.

नव्या पात्यावर सांध्याला लागूनच तडा दिसला, तर वेल्डनंतर तो भाग पुन्हा तापवून नरम केलेला नसण्याची शक्यता जास्त. तिथे कानस लावू नका, विक्रेत्याकडून पातं बदलून घ्या.