छुसॉक
छुसॉक : कोरियातील सुगीचा आणि पितरांचा सण. चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यातील पौर्णिमेला, म्हणजे सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो येतो. ‘हानगावी’ हे त्याचे अस्सल कोरियन नाव. मराठी वाचकाला ही तिथी परकी वाटू नये : २०२३ साली २९ सप्टेंबरला आपल्याकडे भाद्रपदी पौर्णिमा होती, तोच छुसॉकचा दिवस. अधिक मासाचा हिशेब दोन्हीकडे निराळा पडला, की मात्र छुसॉक कोजागरीशी जुळतो. २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला तसेच झाले. दक्षिण कोरियात १९८९ पासून आदला आणि नंतरचा दिवस धरून तीन दिवसांची सुट्टी असते.

सणाचा जुना उल्लेख किम बुसिक याच्या देखरेखीखाली ११४५ मध्ये पूर्ण झालेल्या ‘साम्गुक सागी’ या इतिहासग्रंथात आहे. इ. स. ३२ मध्ये शिल्ला राज्याच्या युरी राजाने राजधानीतील स्त्रियांचे दोन गट पाडून त्यांवर दोन राजकन्या नेमल्या. सातव्या महिन्याच्या सोळाव्या दिवसापासून महिनाभर विणकामाची चढाओढ चाले आणि आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला हरलेला गट जिंकलेल्यांना खाऊपिऊ घाली. घटना आणि नोंद यांत अकराशे वर्षांचे अंतर असल्याने या सालावर फार विसंबू नये.

सणाची तयारी स्वयंपाकघराआधी थडग्यापाशी सुरू होते. पारंपरिक कोरियन थडगे म्हणजे डोंगरउतारावरचा गवताळ मातीचा उंचवटा. पावसाळ्यात त्यावर माजलेले गवत सणाआधी कापून काढतात; या कामाला पॉल्छो म्हणतात. गवत तसेच राहिलेले दिसले, तर वंशजांची लाज जाते.

सणाच्या सकाळी घरी ‘छारये’ हा पितृविधी होतो. शब्दाचा अर्थ ‘चहाचा विधी’, पण प्रत्यक्षात पितरांना देतात ती तांदळाची दारू. मांडणीचे नियम काटेकोर : लाल फळे पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, मासे पूर्वेला, मांस पश्चिमेला. नववर्षाला पितरांपुढे तांदळाच्या चकत्यांचे सूप असते, छुसॉकला त्या जागी सोंगफ्यॉन.

सोंगफ्यॉन हे या सणाचे खास पक्वान्न. नव्या तांदळाचे पीठ गरम पाण्यात मळतात, त्याच्या पारीत तीळ, घेवड्याचे दाणे किंवा चेस्टनट भरतात आणि पारी दुमडून अर्धचंद्र करतात. दिसायला ती इवलीशी करंजीच. मोदकपात्रासारख्या भांड्यात पाइनच्या हिरव्या सुयांचा थर, त्यावर सोंगफ्यॉन, पुन्हा सुया, अशी रचना करून ते उकडतात. सुयांमुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि पाइनचा वास आत मुरतो. कोकणात पातोळ्यांना हळदीच्या पानाचा मुरतो, तसा. मग गार पाण्यात धुऊन, सुया झटकून तिळाचे तेल लावतात. जिचे सोंगफ्यॉन सुबक, तिला मुलगी देखणी होते, असे म्हणतात. पौर्णिमेच्या सणाला अर्धचंद्र का, याची एक कथा सांगतात : शिल्लाच्या शेजारच्या, प्रतिस्पर्धी बेकजे राज्यात एका कासवाच्या पाठीवर ‘बेकजे पूर्णचंद्र, शिल्ला नवी कोर’ अशी अक्षरे निघाली. पूर्ण चंद्र आता झिजणार, कोर वाढणार, असा अर्थ लागला. ६६० मध्ये बेकजे बुडालेच.

रात्री नैर्ऋत्य किनाऱ्याकडे स्त्रिया हात धरून, गात, फेर धरतात. हा कांगकांगसुल्ले नाच २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. पुरुषांची स्सिरम कुस्ती २०१८ मध्ये गेली, तीही उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या नावे एकत्र.

आज सणाची खूण म्हणजे सोलहून गावांकडे निघालेल्या मोटारींच्या रांगा आणि भेट म्हणून हातोहात जाणारे स्पॅमच्या, म्हणजे डबाबंद मांसाच्या, डब्यांचे संच. बायकांनी दोन दिवस तळत बसायचे आणि पुरुषांनी नमस्कार करायचे, या विभागणीवर तक्रार जुनी आहे. सोंगग्युनग्वान या कन्फ्यूशियन परंपरेच्या संस्थेने अखेर २०२२ मध्ये जाहीर केले, की तळण आवश्यक नाही, नऊ पदार्थ पुरेत. अनेक घरांत घासाघीस अजून चालू आहे.

ज्यांच्या पूर्वजांची थडगी उत्तर कोरियात राहिली, त्यांना गवत कापायला जाता येत नाही. ते सीमेजवळ इम्जिनगाक येथे १९८५ मध्ये बांधलेल्या वेदीपाशी जमतात, ताट मांडतात आणि उत्तरेकडे तोंड करून नमस्कार घालतात.