लांबलचक डच शब्दांचे सांधे

‘जगातले सर्वांत लांब शब्द’ अशी एक यादी समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरते आणि तिच्यात एखादा डच शब्द हमखास असतो. या विक्रमांना काडीचा अर्थ नाही. डचमध्ये नामाला नाम जोडून सलग लिहितात. आणखी एक नाम चिकटवलं की कालचा विक्रम मोडला! नावातली अक्षरं मोजून भविष्य सांगणं जितकं शास्त्रीय, तितकंच हेही.

खरी गंमत शब्द कुठे तुटतो यात आहे. ‘आर्बेइट्स-ऑनखस्खिक्टहेइट्स-फरझेकरिंग’ घ्या. काम, असमर्थता आणि विमा हे त्याचे तीन घटक. मधल्या रेघा माझ्या. रोमन लिपीत ३३ अक्षरं, उच्चारात १० सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे. दोन्ही सांध्यांवरचा ‘स’ नुसता जोडणारा. प्रधान पद शेवटचं, आपल्या तत्पुरुषासारखं, म्हणून हा शेवटी एक विमाच.

सिलॅबल म्हणजे लिहिलेलं अक्षर नव्हे. ‘भक्ती’मधला ‘भ’ गुरू का, हे वृत्तं शिकताना आपण घोकलेलं असतं. कागदावर ‘क्’ पुढच्या ‘ती’ला चिकटतो, तोंडात मात्र मागे राहतो: भक्-ती.

डचमध्ये एकटं व्यंजन पुढच्या स्वराकडे ओढलं जातं. संध्याकाळ म्हणजे ‘आव्हॉन्ट’. लेखनात शेवटी ‘ड’ आहे. पण सिलॅबलच्या शेवटी आलेला ‘ड’ किंवा ‘ब’ या भाषेत घोष, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपनासह उच्चारलेला, राहत नाही, त्याचा ‘ट’ किंवा ‘प’ होतो. अनेकवचनाचा प्रत्यय लागला की तोच ‘ड’ पुढच्या सिलॅबलच्या आरंभी सरकतो आणि ‘ड’च राहतो: आ-व्हॉन-डन. आता संध्याकाळचं जेवण पाहू. जेवण म्हणजे ‘एटन’. इथेही पुढे स्वरच आहे, तरी उच्चार ‘आव्हॉन्ट-एटन’ असा ‘ट’नेच होतो. कारण ‘एटन’ हा स्वतंत्र शब्द आहे. सिलॅबलची मांडणी त्याच्यापाशी नव्याने सुरू होते, मागचा ‘ड’ पलीकडे जाऊ शकत नाही आणि जागच्या जागी अघोष होतो. घाईत बोलताना तो पुढच्या स्वराला जाऊन मिळेलही, पण तोवर त्याचा ‘ट’ झालेला असतो. आधी अघोषीकरण, मग सरकणं. हा क्रम महत्त्वाचा. काही प्रत्ययही या बाबतीत शब्दासारखे वागतात. ‘रोट’ म्हणजे लाल, लेखनात शेवटी ‘ड’. त्याला ‘-सर’ अर्थाचा ‘आख्तख’ लागला तरी ‘ट’ कायम. भाषाशास्त्रज्ञ अशा उच्चारी एककाला ध्वनिशब्द म्हणतात. त्याची हद्द अर्थावर नाही, उच्चारावर ठरते.

आपल्या संधीत नेमकं उलट घडतं. जगत् + ईश = जगदीश. तिथे ‘त्’ सांधा ओलांडून पुढच्या स्वराला मिळतो आणि घोष होतो.

ओळीच्या शेवटी शब्द तोडताना डच माणूस आधी दोन घटकांमधला सांधाच शोधतो. संगणकाची मात्र पंचाईत होते. संगणकशास्त्रज्ञ फ्रँक लियांग यांच्या १९८३ च्या प्रबंधातली पद्धत अक्षरांच्या जुळण्या पाहून तोडायच्या जागा ठरवते, अर्थ पाहत नाही. ‘क्वार्टस्लाखन’ हा शब्द क्वार्ट-स्लाखन तोडला तर पाव वळणं, क्वार्ट्स-लाखन तोडला तर क्वार्ट्झचे थर! अक्षरं तीच, त्याच क्रमाने. सांध्यावर स्वरांची टक्कर होत असेल तर डच लेखनात जोडरेघ येते. ‘झे-एंट’ या सागरी बदकाच्या नावात १९९५ मध्ये ठरलेल्या लेखननियमांनी ती आणली. त्याआधी तिथे स्वरावर दोन टिंबं देत. क्वार्ट्झला मात्र ती रेघ मिळत नाही, कारण त्याच्या सांध्यावर दोन्हीकडे व्यंजनंच आहेत.