जुन्या गाडीच्या ब्रेकची नळी : पोलाद, तांबे आणि घरगुती दुरुस्तीची पार्श्वभूमी

पुण्यात पन्नास वर्षांपूर्वीची फियाट किंवा अँबॅसिडर सांभाळणाऱ्या माणसापुढे कधी ना कधी ब्रेकच्या नळ्या बदलण्याचे काम येऊन ठेपते. ते काम घरीच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायचे ठरले की पहिला वाद उभा राहतो तो नळी कोणत्या धातूची घालायची याचा. नाना पेठेतला स्पेअर पार्टवाला एक सांगतो, आयुष्यभर फियाटच उघडत आलेला मिस्त्री दुसरे सांगतो आणि परदेशी गाडीसोबत आलेली पुस्तिका तिसरेच. यांतले कोणीही मुद्दाम चुकीचे सांगत नसते. प्रत्येकाचे उत्तर वेगळ्या काळातल्या वेगळ्या अडचणीवर शोधलेले असते, आणि त्या अडचणी माहीत नसतील तर घरी काम करणारा माणूस धातूवरून वाद घालत बसतो आणि जिथे खरा धोका असतो त्या जोडांकडे त्याचे दुर्लक्ष होते.

मोटारीच्या सुरुवातीच्या दोन-तीन दशकांत ब्रेकला नळी नव्हतीच. पेडलाचा जोर सळया, तारा आणि तरफा यांच्यामार्फत चाकापर्यंत जात असे. यातली अडचण अशी की चारही सळया सारख्या ताणलेल्या ठेवणे हेच एक स्वतंत्र काम होते. एका बाजूची सळई जराशी सैल झाली की ब्रेक मारताच गाडी दुसऱ्या बाजूला ओढत असे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोचतो, हे पास्कलचे तत्त्व ब्रेकला लावले तर चारही चाकांना आपोआप समान दाब मिळेल, या विचारावर अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये पेटंट मिळवले. १९२१ मध्ये ड्युझेनबर्ग कंपनीच्या मॉडेल ए या मोटारीला चारही चाकांवर हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे, ब्रेक आले, पण ती फार महाग, श्रीमंतांची गाडी होती. १९२४ मध्ये क्रायस्लरने मध्यम किमतीच्या मोटारीत ही रचना आणली आणि त्यासाठी लॉकहीड यांच्या मूळ रचनेतले, गळणारे चामड्याचे कप काढून रबरी कप बसवले. मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडलाचा जोर द्रवावर देणाऱ्या नळकांड्याची, किट बदलताना आपण आजही जे रबर हातात घेतो त्याचा उगम तिथे आहे. फोर्ड कंपनी मात्र पेडलपासून चाकापर्यंत पोलादी सळईच विश्वासाची, असे जाहिरातींतून सांगत राहिली आणि हायड्रॉलिक ब्रेक तिने १९३९ च्या मॉडेलांपर्यंत आणलेच नाहीत. त्या हट्टाला आज हसणे सोपे आहे. पण तेव्हाच्या नळ्या आणि रबरे पाहता तो अगदीच निराधार नव्हता.

सुरुवातीच्या नळ्या तांब्याच्या असत. तांबे हाताने वाकते, गंजून त्याचा भुगा होत नाही आणि त्याचे तोंड सहज फुलवता येते. अडचण उघड झाली ती गाड्या खराब रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावल्यावर. तांबे सतत थरथरत राहिले की कडक होत जाते आणि मग त्याला बारीक चीर पडते, तीसुद्धा बहुधा फुलवलेल्या तोंडाच्या मागे, जिथे नट बसत असल्यामुळे ती डोळ्यांना दिसत नाही. जोरात ब्रेक मारल्यावर नळीतला दाब शंभर बारच्या आसपास जाऊ शकतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबाच्या सुमारे पन्नास पट. अशा दाबाखाली केसाएवढी चीरही पुरते.

यावर अमेरिकेतल्या बंडी कंपनीच्या नळीने जे उत्तर दिले ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत देखणे वाटते. तांब्याचा मुलामा दिलेली पातळ पोलादी पट्टी गुंडाळून तिचे दोन पूर्ण वेढे घ्यायचे आणि भट्टीत तापवायचे. तांबे वितळून दोन्ही वेढ्यांच्या मधल्या फटीत भरते आणि थंड झाल्यावर दुहेरी भिंतीची एकजीव नळी तयार होते. म्हणजे ज्या तांब्याला नळी म्हणून नाकारले, ते त्याच नळीत डिंकासारखे राहिले. बाहेरून शिसे आणि कथिलाचा मुलामा दिलेली, ३/१६ इंच म्हणजे सुमारे ४.७५ मिलिमीटर बाह्य व्यासाची आणि ०.७ मिलिमीटर जाडीच्या भिंतीची अशी नळी जगभर रूढ झाली. आपल्याकडच्या फियाट आणि अँबॅसिडर या गाड्या ज्या मूळ इटालियन आणि ब्रिटिश आराखड्यांवरून आल्या, तेही पोलादी नळीच्याच जमान्यातले होते.

पोलादासोबत नळीच्या तोंडाचा प्रश्न आला. तांब्याचे तोंड एकदाच शंकूसारखे फुलवले तरी चालत असे. पातळ पोलादाचे तसे केले की कड फाटते. म्हणून तोंड आधी बाहेर फुगवून मग आतल्या बाजूला दुमडायचे, म्हणजे बैठकीवर, जिथे तोंड टेकते तिथे, धातूचा दुहेरी थर येतो, ही डबल फ्लेअरची पद्धत आली. अमेरिकी आणि जपानी गाड्यांत ती ४५ अंशांच्या कोनात रूढ झाली. युरोपात पुष्कळ ठिकाणी दुमडण्याची पायरी गाळून नुसते फुगवलेले, बुडबुड्यासारखे तोंड वापरले जाऊ लागले. दोन्हींच्या बैठका वेगळ्या असतात. एकीचे तोंड दुसरीत घट्ट आवळले तर ते बसल्यासारखे वाटते, कदाचित काही दिवस गळतही नाही, पण ते बसलेले नसते. म्हणून जुनी नळी काढल्यावर ती फेकून न देता तिचे तोंड आणि ज्या भोकातून ती निघाली त्याचा तळ टॉर्चच्या उजेडात नीट पाहणे, हे नळी कोणत्या धातूची घ्यावी या प्रश्नाच्या आधीचे काम आहे.

आपल्याकडे या इतिहासाला एक वेगळे वळण मिळाले. १९५४ च्या सुमारास सरकारने नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना वाव ठेवला नाही. जनरल मोटर्सने मुंबईतली जुळणी त्याच वर्षी बंद केली. हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाड्याला मॉरिसच्या आराखड्यावर अँबॅसिडर काढली, तर वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला फियाट ११००, जिची पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. या दोन गाड्यांचे भाग मिळत. पण आधी आलेल्या शेव्हर्ले, डॉज, ऑस्टिन यांच्या मालकांना आयातीवरच्या निर्बंधांमुळे भाग मिळणे कठीण झाले. गाडी तर चालवायचीच होती. तेव्हा मिस्त्रीच्या हाताशी जे होते ते, म्हणजे फ्रीज दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी मऊ तांब्याची नळी आणि त्याच दुकानातले एकदाच तोंड फुलवणारे अवजार, ब्रेकसाठी वापरले जाऊ लागले. व्यास जुळत होता, वाकवायला सोपे होते, आणि गाड्या संथ चालत होत्या. गॅरेजमधली तांब्याची सवय ही अशी टंचाईतून आली आहे. तिला कोणत्याही अभियंत्याने दिलेला आधार नाही, आणि गाडीचे भाग मिळू लागल्यावरही ती टिकली याचे कारण फक्त हाताला पडलेले वळण. पद्मिनीच्या बाबतीत तर एवढीही सबब नव्हती, कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी तिच्या भागांचा बाजार चालता ठेवला होता. त्या टॅक्सींपैकी शेवटची नोंदणी २००३ मधली, आणि वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली.

दरम्यान ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियात पोलादी नळीचेही पितळ उघडे पडत होते. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मिठाने पोलादी नळी काही वर्षांत पोखरते. ब्रिटनमध्ये १९६० पासून जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली आणि गंजलेल्या नळ्यांसह गाडी पुढे रेटणे अवघड झाले. उत्तर पुन्हा तांब्याकडेच मिळाले, पण शुद्ध नव्हे : जहाजांच्या कंडेन्सरमध्ये समुद्राच्या पाण्याला तोंड देणारा, सुमारे दहा टक्के निकेल आणि थोडे लोखंड व मँगनीज असलेला मिश्रधातू. व्होल्वोने तो १९७६ पासून आपल्या गाड्यांत वापरला. ही कुनिफर नावाने ओळखली जाणारी नळी थरथरीत तांब्यासारखी लवकर चिरत नाही, पोलादासारखी गंजत नाही आणि तरीही हाताने वाकते. घरी काम करणाऱ्याला याहून सोयीचे काही नाही, असे माझे मत आहे.

पुण्यात रस्त्यावर मीठ पडत नाही, मग नळ्या इथे का सडतात? एक तर इथल्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच कधीतरी मुंबईच्या खाऱ्या हवेत राहून आलेल्या असतात. दुसरे, नळी उघड्या जागी फारशी सडत नाही; ती सडते पत्र्याच्या क्लिपेखाली. मागच्या अॅक्सलवरून जाणाऱ्या नळीची क्लिप उघडली की पावसाळ्यातला चिखल सुकून तिथे घट्ट बसलेला सापडतो, तो ओलावा धरून ठेवतो, आणि क्लिपेच्या रुंदीएवढ्याच भागात नळीचा मुलामा जाऊन पापुद्रे सुटलेले असतात, शेजारचा भाग मात्र नव्यासारखा. नखाने खरवडून पापुद्रा निघत असेल तर ती नळी घासून रंगवण्याच्या पलीकडे गेलेली असते. तिसरे कारण आतले आहे, आणि ते ब्रेक ऑइलचे.

सुरुवातीला हे द्रव एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण असे. पुढे ग्लायकॉल वर्गातली द्रवे आली. आज बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेले असते ती हीच. ती हवेतले पाणी शोषतात. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ठरावीक प्रमाणात पाणी मुरल्यावर तो १४० वर आला तरी ते प्रमाणात बसते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. वर्षानुवर्षे न बदललेल्या ऑइलमधले हे पाणी नळीला आतून आणि चाकापाशी ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरला तळातून खाते. खंबाटकी किंवा दिवे घाट वरच्या गिअरमध्ये, ब्रेक दाबून उतरत राहिले तर ड्रमची उष्णता द्रवाला उकळवते, वाफ दाबली जाते आणि पेडल फळीला टेकते. सिलिकॉनचे डॉट ५ पाणी शोषत नाही आणि रंगही खात नाही, म्हणून उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे हौशी मालक त्याकडे वळतात; पण ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही, त्यामुळे जुने ऑइल पूर्ण काढल्याखेरीज ते भरू नये.

या सगळ्याला गांभीर्य येते ते जुन्या गाडीच्या एकेरी मंडलामुळे. एका मास्टर सिलिंडरमधून एकच वाट निघते आणि तीच चारही चाकांना जाते; एक जोड सुटला की चारही ब्रेक गेले, उरला हँडब्रेक. कॅडिलॅकने १९६२ मध्ये दुहेरी मास्टर सिलिंडर आणला आणि अमेरिकेत १९६८ पासून मोटारींना दुभागलेली रचना बंधनकारक झाली, पण त्याआधीच्या आराखड्यांवर बनलेल्या आपल्या गाड्यांना तो फायदा मिळाला नाही. म्हणूनच एकच सडलेली नळी बदलून बाकीच्या तशाच ठेवणे मला पटत नाही. त्या सर्व एकाच वयाच्या असतात.

आट्यांचा घोळही याच वारशातला. अँबॅसिडरचा वंश ब्रिटिश, त्यामुळे नट इंची. फियाटचा इटालियन, त्यामुळे मेट्रिक. ३/८ इंची नटाचा व्यास ९.५ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधले अंतर १.०६ मिलिमीटर, सर्वांत प्रचलित मेट्रिक नटाचा व्यास १० आणि अंतर १. फरक इतका थोडा की इंची नट मेट्रिक भोकात काही आटे सहज फिरतो आणि मग आवळताना आटे खाऊन टाकतो. जुन्या बाजारात किंवा दुकानातल्या खोक्यात सुटे नट एकत्र पडलेले असतात, तिथे कॅलिपर घेऊनच जावे.

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात ठेवलेल्या आणि मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळू लागला. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नव्हे, तर प्रदर्शन, रॅली, इंधन व देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तेव्हापासून मूळ स्वरूपाचा आग्रह वाढला आहे आणि तांबूस झाक असलेली कुनिफर नळी काही मालकांना खटकते. दिसण्यासाठी पोलादी घालायची असेल तर जरूर घालावी, पण तिचे डबल फ्लेअर स्वस्त अवजाराने नीट होत नाही आणि बिघडलेले तोंड घासून सुधारत नाही. ते कापून पुन्हा करावे लागते.

घरी काम करताना गाडी जॅकवर न ठेवता घोड्यांवर, म्हणजे पक्क्या लोखंडी स्टँडवर, ठेवावी, आणि जुनी नळी अखंड काढून तिच्याच वळणांवर नवी वाकवावी. तोंड फुलवण्याआधी नट नळीत घालायचा राहून गेला तर ते टोक कापावेच लागते. नळ्यांत शिरलेली हवा काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी घेतात, म्हणजे आपल्या उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्यांत डावे मागचे. नंतर कोणाला तरी पेडल जोरात दाबून धरायला सांगावे आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवावा. ओला डाग दिसला तर नट आणखी आवळण्याआधी तो सोडवून तोंड तपासावे, कारण नीट बसलेला जोड बेताच्या जोरातच बंद होतो. दुसऱ्या दिवशी, ड्रम आणि व्हील सिलिंडर थंड असताना, हीच तपासणी पुन्हा करावी आणि मगच गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर काढावी.